गाडीच्या पोटातला गोडा चिखल

आये,

गाडी तुझ्या पाण्याने सडली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट लांबवायची खोड आहे, आणि तू म्हणायचीस की याचं बोलणं ऐकायचं म्हणजे ओहोटीला काठावर बसून भरतीची वाट बघायची. मुख्य ते सांगून झालं. बाकीचं आता सावकाश लिहितो. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे घाई तुलाही नाही, आणि कंपनीतून रिटायर झाल्यापासून मलाही नाही.

परवा गाडी पत्र्याच्या कामाला टाकली होती. तीच गाडी, दुसरी कुठली असणार. पांढरी, बसकी, तू जिला बगळी म्हणायचीस. आता ती पंचवीस वर्षांची आहे, म्हणजे गाडीच्या वयाने माझ्यापेक्षा म्हातारी. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवावं लागतं. ती चालण्यासारखी आहे की नाही ते साहेब बघतात आणि मग पुढच्या पाच वर्षांचा कागद देतात. मी पेन्शनसाठी दर साली हयातीचा दाखला देतो ना, तसाच तिचाही. या खेपेला नेण्याआधी तिची डागडुजी करून घ्यावी म्हटलं, कारण ड्रायव्हरच्या पायाखालची चटई सारखी ओली होत होती. रस्त्यावरचं डबकं विचारल्याशिवाय आत यायचं. रोह्यात आमच्या घरापासून जवळच एक डेंटर आहे, चाळिशीचा, हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ. त्याने चटई उचलली, पेचकसाचं टोक जमिनीच्या पत्र्यावर टेकवलं, आणि ते नुसतं टेकवल्याबरोबर आरपार गेलं. भोकातून खालची वाळू दिसली. तो मला म्हणतो, "काका, हिला ब्रेक कशाला ठेवलाय? पाय खाली सोडायचा, गाडी थांबते."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. मग त्याने दाराखालची लांब पोकळ पट्टी कटरने कापली. गाडीचा सगळा भार त्या पट्टीवर असतो, आणि ती दोन्ही बाजूंनी बंद असते, म्हणून आत काय आहे ते कुणी बघत नाही. मीही वीस-बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. ती उघडली तसा आतून चिखल पडला. वाळलेला, थरावर थर, चाळलेल्या पिठासारखा बारीक, रंगाने लाल. चांगलं घमेलंभर निघाला. त्यात भाताची तुसं होती. मी वाकून चिमूटभर उचलला आणि जिभेला लावला.

"ओ काका, नाश्ता नाय झाला काय?" डेंटर म्हणाला. त्याला काय सांगणार? त्याची आई मिठागरात नव्हती. तू पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचीस आणि सांगायचीस, "आजून चार दिस." चौथ्या दिवशी वाफ्यात मीठ धरायचं. मुकादमाकडे काचेची नळी होती पाणी मोजायची, पण तो ती नळी खिशात ठेवून आधी तुझ्या तोंडाकडे बघायचा. मी लहानपणी तुझं बघून सगळं जिभेला लावायचो, खडू, लोखंड, पाटी, आणि मास्तरांचा मार खायचो. सातवीनंतर शाळा सुटली, पण ती सवय काही सुटली नाही. तर तो चिखल मी जिभेवर ठेवला. माती लागली, गंज लागला, पण खार लागला नाही. दुसऱ्यांदा लावून पाहिला. गोडा. आपल्या खाडीकाठच्या खाजणातला चिखल काळा, चिकट, वाळला की त्याच्यावर दुधावर यावी तशी पांढरी साय येते. हा डोंगराकडून उतरणाऱ्या नदीचा होता. गाडी कुठल्यातरी पुरात उभी होती, आये, दारापर्यंत बुडून, चांगले काही दिवस. आणि ते मी तिला घेण्याच्या आधी. कारण त्या पट्टीवर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून वरून डांबर फासलं होतं, आणि ते डांबर मी घेतली त्या दिवसापासून तिथेच आहे. तेव्हा मला ते चकचकीत वाटलं होतं. मी तिला घेण्याआधीच ती पोटातून गेलेली होती. तू तिला पहिला हात लावलास तो त्याच्यानंतर.

गाडी घेतली तो दिवस तुलाही आठवत असेल. पनवेलच्या एका एजंटाकडून घेतली. तो म्हणाला, एका डॉक्टरीणबाईंची आहे, दवाखाना ते घर आणि घर ते दवाखाना, दुसरं काही माहीतच नाही हिला. मी पुन्हा पुन्हा बॉनेट उघडत होतो, चाकांना लाथ मारत होतो, जसं काही मला फार कळतं. कंपनीत शिफ्टला येणाऱ्या निम्म्या माणसांकडे तेव्हा स्कूटर होती, चारचाकी साहेबांकडे. आमच्या प्लँटवर साधा ऑपरेटर असून चारचाकी घेणारा मी पहिला. कुणा जाणत्याला बरोबर नेलं असतं तर तो म्हणाला असता, थांब जरा. आणि मला थांबायचं नव्हतं. तिथून सरळ तुझ्या दारात आणून उभी केली. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस, गाडीभोवती एक फेरी मारलीस आणि पहिलं काय विचारलंस?

"खालून बगितलीस का रं, बाला?"

मी म्हटलं, "आये, ही गाडी आहे, होडी नाही."

"होरी घेताना आदी उलटी करतात. वरचा रंग कुनी पन लावतो."

शेजारची वहिनी कुंपणापाशी उभी होती, तीही हसली. मी म्हटलं, "मग करू काय उलटी? लाव हात." तूही हसलीस. मूठभर मीठ आणून तिच्यावरून तीन वेळा उतरवलंस आणि बांधापलीकडे खाडीत टाकलंस. नंतर मी तुला बसवून हायवेपर्यंत नेऊन आणलं. तू पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होतीस आणि दार आतून घट्ट धरून ठेवलं होतंस.

तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा, सुट्टीच्या दिवशी, मी रोह्याहून गाडी घेऊन यायचो. मी जेवून पडायचो आणि तू गाडी धुवायचीस. मी कधी सांगितलं नव्हतं. गावात नळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं, ते प्यायला आणि भाताला. बाकी सगळं, भांडी, अंगण, म्हशीची आंघोळ, खाडीच्या पाण्यावर. तू भरतीला, बांधातून खाडीचं पाणी आत येतं त्या उघाडीच्या तोंडाशी जायचीस, दोन डबे भरून आणायचीस, आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने तिला चोळायचीस. चाकांच्या आत हात घालून घालून. झोपेत मला पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि तुझं गाडीशी बोलणंही यायचं. तू तिला विचारायचीस, "कुटं कुटं लोलून आलीस गो?" उठून बघावं तर ती लखलखत असायची. तुझा विश्वासच होता की खाऱ्या पाण्याने सगळं बरं होतं. माझा गुडघा फुटला तरी खारं पाणी, तांबं-पितळ काळं पडलं तरी खारं पाणी. आपल्या गावात होडीला, जाळ्याला, माणसाला, कुणाला त्याने काही झालं नव्हतं. पत्र्याची गाडी गावात पहिलीच. तुला कुणी सांगावं? मलाही ठाऊक नव्हतं. मला तर वाटायचं, काय नशीबवान आहे मी.

अडीच वर्षांनी गाडी खालून करकरायला लागली. रोह्याच्या मिस्त्रीने ती जॅकवर घेतली, खाली झोपला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत गंजाचे पापुद्रे होते, भाजलेल्या पापडासारखे. म्हणाला, "भाऊ, गाडी पाण्यात उभी करता काय?" मी म्हटलं, आई खाडीच्या पाण्याने धुते. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, खाऱ्या पाण्याने धुतल्यावर दुसरं काय होणार. त्याने खालून पत्रे मारून दिले आणि खर्चाचा आकडा सांगितला. तो माझ्या पगारातून वजा केला असता तर महिन्याला फक्त पगाराचं रिकामं पाकीट उरलं असतं. तेव्हा पोट उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी तसाच तुझ्याकडे आलो. दुपारची वेळ. तू अंगणात सुकट पसरत होतीस. मी गाडीतून उतरलो ते बोलतच. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. वहिनी कुंपणाशी आली, तिच्या मागून तिची जाऊ आली, पलीकडचे काका आले, तरी मी थांबलो नाही. "तुझ्या खाऱ्या पाण्याने गाडीचं वाटोळं केलंस, आये. कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?" हे मी म्हणालो. तू सुकटीचा हात तसाच धरून उभी होतीस. मग हळूच म्हणालीस,

"मी त भरतीचं नितल पानी आनलं व्हतं. ओहोटीचं गढूल नाय आनलं."

वहिनी मध्ये पडली. म्हणाली, "जाव दे रं, तिला काय ठावं. गो आत्ये, तू आत जा." तू आत गेलीस. मला वाटलं, रडशील. तू चहा घेऊन आलीस. साखर जास्त घातली होतीस.

त्यानंतर मी पंधरा दिवसांनी आलो तर अंगणात दोन हंडे भरून झाकून ठेवलेले. मी म्हटलं, हे काय? तू लांबून बोट दाखवलंस. "गोडं हाय. तुज्या गारीला. तू धू. मी नाय हात लावत." दोन दिवस नळाचं पाणी आलं नव्हतं हे मला वहिनीकडून कळलं. तू प्यायला शेजारून तांब्याने मागून आणत होतीस, आणि हे दोन हंडे तसेच ठेवले होतेस. मी त्या पाण्याने गाडी धुतली, आये. धुतली नाही तर तुला वाईट वाटेल असं वाटलं. धुतली तरी वाटलंच असेल. तू उंबऱ्यावर बसून बघत होतीस, आणि माझं पाणी चाकाच्या आत पोचत नव्हतं हे तुला दिसत होतं.

नंतर दोन-तीन वेळा मी गाडी घरीच ठेवली, रोह्याहून रेल्वेने जित्याला उतरलो आणि चालत आलो. म्हटलं, हंड्यांचं तोंडच बघायला नको. तर तू मला बांधावरून येताना बघितलंस आणि विचारलंस, "गारी कुटं?" मी म्हटलं, आहे घरी. "बिगडली?" मी म्हटलं, नाही. तुला ते खरं वाटलं नाही. जेवताना पुन्हा विचारलंस, हात धुताना पुन्हा. म्हणून मग परत गाडी आणायला लागलो. पण तू तिच्यात बसायचं सोडलंस. पेणला बाजाराला मी चल म्हटलं तर म्हणायचीस, तू हो फुडं, मी मिनीडोरने येते, माज्या लुगड्याला खार असतो. मी आरशात बघायचो. त्या सहा आसनी मिनीडोर रिक्षाच्या मागच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन तू माझ्या मागोमाग येताना दिसायचीस. मी हळू चालवायचो, तेवढंच.

एकदाच बसलीस. छातीत कळ आली तेव्हा तुला पेणच्या दवाखान्यात न्यायचं होतं, सकाळचे दहा वाजले होते, मिनीडोर मिळेना आणि थांबायला वेळ नव्हता. मी तुला धरून दारापर्यंत आणलं. तू थांबलीस. मी म्हटलं, बस ना आये. तू वहिनीकडे बघितलंस, आणि ती आतून खताचं प्लॅस्टिकचं पोतं घेऊन आली. तू ते सीटवर पसरायला लावलंस आणि मगच त्याच्यावर बसलीस. सगळ्या रस्त्याने ते पोतं कुरकुरत होतं. नको गं ते पोतं, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. सात दिवसांनी तू गेलीस. शेवटची ती गाडीतली फेरी, आणि ती पोत्यावर.

त्याच्यानंतर मी त्या गाडीला काय काय केलं म्हणून सांगू! क्लच प्लेट तीनदा, रेडिएटर दोनदा, सेल्फ, डायनामो, सायलेन्सर तर मोजायचा सोडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कार्बोरेटर उघडून साफ करायला मी स्वतःच शिकलो, मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून बसून. काही पार्ट आता मिळत नाहीत, ते भंगारातल्या दुसऱ्या गाडीतून काढून आणावे लागतात. म्हणजे एका म्हातारीचा दात दुसरीला. तुझ्या सुनेचं माहेर कोलाडच्या आतल्या अंगाला, भातवाल्या गावात. तिकडे जाताना ही खांबला पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर इतक्यांदा बंद पडली की तो आम्हाला बघून स्टूल बाहेर काढतो. वडखळच्या नाक्यावर भर गर्दीत तिचा पट्टा तुटला तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने मला जे सुनावलं ते तुझ्यासमोर लिहिता येत नाही. तुझी सून म्हणते, "गाडी आपल्याला नेते का आपण गाडीला नेतो, ते एकदा ठरवा." शेजारी म्हणतात, याचा या गाडीवर जीव आहे. आता रोह्यातही घरटी नवी गाडी आहे, हप्त्यावर मिळते, बटण दाबलं की काच खाली. आम्हालाही घेता आली असती. मी हसण्यावारी न्यायचो. म्हणायचो, हिच्यासारखी गाडी पुन्हा होणार नाही.

जीव वगैरे काही नव्हता, आये. चार माणसांसमोर मी म्हटलं होतं की तू हिचं वाटोळं केलंस. ती भंगारात गेली असती तर माझं ते बोलणं खरं ठरलं असतं. ती चालत राहिली तर कुणी म्हणू शकलं नसतं की म्हातारीने मुलाची गाडी खाल्ली. एवढ्यासाठी मी तिला अठरा वर्षं ओढली. गावात कार्य असलं की मुद्दाम तीच घेऊन जायचो आणि वहिनीच्या अंगणासमोर लावायचो. वहिनी म्हणायची, "आजून चालते का रं ही?" मी म्हणायचो, "पळते." आता वहिनीही थकली, तिला गाडी दिसत नाही, पण आवाजावरून ओळखते. ओळखणं काही कठीण नाही, तसा आवाज पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही.

परवा ते घमेलं बघितलं आणि मला वाटलं, आता पुरे. डेंटरने सगळा हिशेब सांगितला. जमीन नवी, दोन्ही पट्ट्या नव्या, मग रंग, आणि एवढं करूनही इंजिनचा भरवसा नाही. "काका, एवढ्यात दुसरी जुनी येईल. ही तरी कुणाला विकाल? विकली तर पाप लागेल." खरंच होतं. नवे पत्रे मारून, वरून डांबर फासून मीही कुणा हौशी माणसाच्या गळ्यात ती मारू शकतो. त्याला सांगू शकतो, एका रिटायर माणसाची आहे, बाजार ते घर. मी डेंटरला म्हटलं, बाबा, शिवू नकोस आता, राहू दे. भंगारवाला सोमवारी येतो म्हणालाय. कागद तिकडे जमा होतील आणि तिची नंबर प्लेट काढून घेतील.

घरी येऊन तुझ्या सुनेला सगळं सांगितलं. चिखलाचं, तुसांचं, डब्याच्या पत्र्याचं. अंगणातलं ते बोलणंही सांगितलं, जे मी इतकी वर्षं तिला सांगितलं नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "आत्यांना हे कळायला पाहिजे होतं." मग पुन्हा तांदळात बोटं घालत म्हणाली, "पण खारं पाणी तरी चांगलं कुठे असतं हो?" तेही बरोबर आहे. मी तुला उगाच देवीसारखी निर्दोष करून बसवत नाही. चाकांवरच्या कमानी, दारांच्या कडा, तो वरवरचा गंज, त्यात तुझ्या भरतीच्या पाण्याचा वाटा असेल. डेंटरही म्हणाला, बाहेरचं थोडं त्याने झालं असेल. पण ते पालथ्या हाताच्या खरचटण्यासारखं. पोटातलं दुखणं तिचं स्वतःचं होतं, आणि ते लपवून विकणाऱ्याचं, आणि न बघता घेणाऱ्याचं. मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं.

तू असतीस तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. वहिनीने ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि अर्ध्या गावाने ऐकलं असतं. तेव्हाचं बोलणं अर्ध्या गावाने ऐकलं होतंच म्हणा, मग हेही ऐकायला हवं होतं. पण त्याला माझी छाती लागली असती. आता मिठागरही उरलं नाही, बांध फुटले, तिवरं वाढली, आणि तुझ्या वयाची माणसं ओट्यावर नाहीत. सांगू कुणाला?

एक राहिलं. तेवढं लिहून थांबतो. रोह्याचा मिस्त्री त्या दिवशी खाऱ्या पाण्याचं बोलला ते मी वर लिहिलं. पण तो तेवढंच बोलला नव्हता. हात पुसता पुसता म्हणाला, "पण भाऊ, हे अडीच वर्षांचं काम नाय. ही तुम्ही घेतलीत तेव्हाच कुजलेली असणार. कुणाला दाखवून घेतली होतीत का?" मी किल्ली मागितली. प्लँटवर सगळ्यांना पेढे वाटले होते मी. आपण फसलो हे त्यांना सांगण्यापेक्षा, आईने पाण्याने सडवली हे सांगणं सोपं होतं, आणि तेच मी पुढे सांगितलंही. तुझ्याकडे यायला निघालो तेव्हा मिस्त्रीची दोन्ही वाक्यं माझ्याबरोबर होती. त्यातलं एक मी रोहा सोडल्यावरच्या खिंडीतच टाकलं. तरी नागोठणं सोडल्यावर मला सारखं वाटत होतं की ही आता बंद पडावी. पडली असती तर मिस्त्री शोधण्यात दुपार गेली असती, आणि तुझ्यावर काढायला निघालेला राग कुठल्यातरी टपरीवर चहात विरघळला असता. मी कान लावून चालवत होतो. वडखळ गेलं, पेण गेलं, बांधाचा रस्ता आला. एरवी दर दोन-चार फेऱ्यांनी रुसणारी ती गाडी त्या दिवशी तुझ्या दारापर्यंत एका दमात आली.